मिलोचा मुलूख : सोलापुरात बसून अमेरिकेतली एक खेडवळ काउंटी कशी समजून घ्यायची

मागच्या ऑक्टोबरात मावसबहिणीचा व्हिडिओ कॉल आला होता. ताई कॅन्ससमध्ये असते, राज्याच्या पार नैऋत्य कोपऱ्यात, दाजी तिकडं गुरांचे डॉक्टर आहेत. बोलता बोलता ती म्हणाली, आमच्याकडं सध्या मिलोची काढणी चालू आहे, रस्त्यावर सगळे ट्रकच ट्रक. आजी शेजारी वाती वळत बसली होती, ती एकदम वर बघून म्हणाली, "मिलो? रेशनची लाल मिलो?" आणि मग अर्धा तास ७२ च्या दुष्काळावर गेला, खडी फोडायचं काम, सुकडी, आणि रेशनवर मिळणारी अमेरिकेची ती लाल ज्वारी जिची भाकरी काही केल्या धड व्हायची नाही. तिकडं अजूनही शेतकरी ज्वारीला मिलोच म्हणतात हे आजीला त्या दिवशी कळलं, आणि ५० वर्षांपूर्वी आपल्या तव्यावर आलेलं धान्य कसल्या मुलखातलं होतं हे आपण कधी बघितलंच नाही हे मला कळलं.

तेव्हापासून मी हा अभ्यास धरलाय. ताईच्या शेजारची हास्केल काउंटी निवडली आणि सहा-सात महिने रोज रात्री तासभर त्यात घातला. कॉलेजची पोरं, भूगोलाचे शिक्षक, ज्यांची मुलं-मुली अमेरिकेत एखाद्या न ऐकलेल्या गावाला नोकरीला गेलीत असे आईवडील, यातल्या कुणालाही हे करता येईल, मोबाईल आणि एक वही पुरे. कसं करायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी काउंटी नक्की करून घ्या, कारण तिथं एकच नाव पाच-पाच राज्यांत सापडतं. हास्केल काउंटी कॅन्ससमध्ये आहे, ओक्लाहोमात आहे आणि टेक्ससमध्येही आहे, माझा पहिला आठवडा टेक्ससची माहिती कॅन्ससच्या वहीत लिहिण्यात गेला. यावर उपाय म्हणजे आकडा धरायचा. अमेरिकेत प्रत्येक काउंटीला पाच अंकी कोड असतो, पहिले दोन राज्याचे आणि पुढचे तीन काउंटीचे, कॅन्ससच्या हास्केलचा २००८१. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहून ठेवा, पुढं जनगणनेचे तक्ते शोधताना हाच उपयोगी पडतो.

मग काउंटी म्हणजे नेमकं काय ते मनात पक्कं करा. आपण पटकन जिल्हा म्हणतो, पण आकार बघा. हास्केल ५७८ चौरस मैल, म्हणजे १५०० चौरस किलोमीटरच्या जवळपास, आपल्या बार्शी तालुक्याएवढी धरा. अख्खा सोलापूर जिल्हा अशा दहा काउंट्यांएवढा होतो. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेत ३,७८०. सोलापूर जिल्हा २०११ ला ४३ लाखांच्या वर होता, आपल्याकडं ३,७८० म्हणजे एक बऱ्यापैकी गाव झालं, तेवढी माणसं तिकडं अख्ख्या तालुक्याएवढ्या जमिनीवर पसरलेली. हा एक आकडा डोक्यात बसला की शाळा, दवाखाना, रस्ता, शेजार, सगळ्याकडं बघायची नजर बदलते.

आणि तिथं कलेक्टर नसतो. वरून बदलीवर आलेला साहेब हा प्रकारच नाही, काउंटीचे कमिशनर लोक निवडून देतात, शेरीफ म्हणजे पोलिसांचा प्रमुख तोही निवडणुकीतून, जमिनीचे दस्त सांभाळणारा रजिस्टर ऑफ डीड्स तोही मतदानातून. आपल्या तलाठी, सर्कल, सब-रजिस्ट्रार, तहसीलदार यांची कामं तिथं वेगळ्या पद्धतीनं वाटलेली आहेत, कुठलं काम कुणाकडं हे एका पानावर आपल्या शब्दांत लिहून काढा, नाहीतर पुढं कागद कुठं शोधायचा तेच कळणार नाही.

आता नकाशा. सॅटेलाईट नकाशा उघडून सब्लेट, कॅन्सस असं टाका, सब्लेट हे हास्केलचं मुख्य ठिकाण. झूम आउट करा आणि नुसतं बघत बसा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं की कुणीतरी वहीचा चौकटीचा कागद अंथरलाय आणि त्यावर बांगडी ठेवून गोल काढलेत. चौकटी म्हणजे जमिनीची मोजणी आणि गोल म्हणजे पाणी. माझ्या मते या काउंटीचा सगळा इतिहास-भूगोल या दोन आकारांत आहे, त्यामुळं या पायरीला घाई करू नका.

चौकट आधी घ्या. १७८५ मध्ये अमेरिकन सरकारनं ठरवलं की नवीन मुलखाची जमीन विकायच्या आधी चौकोनात मोजायची. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक चौकोन म्हणजे टाउनशिप. तिचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा एक मैल बाय एक मैल, म्हणजे ६४० एकर, त्याला सेक्शन म्हणतात. सेक्शनचा पाव म्हणजे क्वार्टर, १६० एकर. सेक्शनचे नंबर ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, १ ते ६ पश्चिमेकडं जातात, ७ नंबर त्याच टोकाला खाली आणि तिथून परत पूर्वेकडं, असं नांगर फिरवल्यासारखं जात जात ३६ नंबर आग्नेय कोपऱ्यात संपतो. हास्केल साधारण २४ बाय २४ मैलांची आहे, म्हणजे बरोबर १६ टाउनशिप. वहीत एक चौकोन काढा, त्याचे १६ करा, त्यातल्या एकाचे ३६ करा आणि नंबर टाका. हे हातानं करा हो, प्रिंट काढून चिकटवू नका, हातानं केल्यावरच ते डोक्यात जातं.

मग तिथला जमिनीचा पत्ता वाचायला येतो. समजा कागदावर लिहिलंय की टाउनशिप २९ साउथ, रेंज ३२ वेस्ट, सेक्शन १४, वायव्य क्वार्टर. कॅन्ससमध्ये टाउनशिपची मोजणी उत्तरेच्या नेब्रास्काच्या सीमेपासून होते, ती सीमा म्हणजे ४० अक्षांशाची रेषा. २९ वी टाउनशिप म्हणजे २९ गुणिले ६, सीमेपासून १७४ मैलांच्या आत तिचा तळ. रेंज तशीच एका ठरलेल्या उभ्या रेषेपासून पश्चिमेकडं मोजायची. झालं, जगात कुठंही बसून त्या शेतावर बोट ठेवता येतं. आपल्याकडं गट नंबर सांगितला तर गाव सांगावं लागतं, शीव सांगावी लागते, ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं ते सांगावं लागतं, कारण आपली शेतं बांधानं आणि ओढ्यानं पडलीत, माणसं आधी होती आणि मोजणी नंतर आली. तिथं मोजणी आधी झाली आणि गोरे शेतकरी नंतर आले. हा फरक मला फार मोठा वाटतो.

मापाची एक गंमत सांगतो, मला तर ती कळल्यावर त्या रात्री झोप लागली नाही. त्यांची मोजणीची साखळी ६६ फुटांची. ८० साखळ्यांचा मैल. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, बरोबर अर्धी साखळी. ४० गुंठ्यांचा एकर आणि ६४० एकरांचं सेक्शन, म्हणजे एका सेक्शनमध्ये २५,६०० गुंठे. इंग्रजांच्या त्याच मापांच्या घराण्यातून दोन्हीकडची जमीन मोजली गेली. माझ्या काकांना हे सांगितलं तर ते लगेच सातबारा घेऊन बसले, आपली पावणेचार एकर त्या चौकटीत केवढी दिसेल ते काढायला. तुम्हीही काढा, त्याशिवाय १६० एकर म्हणजे काय ते जाणवत नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं कुटुंबाला असा एक क्वार्टर जवळजवळ फुकट मिळायचा, अट अशी की पाच वर्षं राहून कसून दाखवायचा. प्रत्येक टाउनशिपमधलं १६ आणि ३६ नंबरचं सेक्शन शाळांच्या खर्चासाठी बाजूला काढलेलं असायचं, तुमच्या चौकटीत ते दोन रंगवून ठेवा.

पहिला मालक कोण होता ते घरबसल्या बघता येतं. अमेरिकेच्या जमीन खात्यानं जनरल लँड ऑफिसचे जुने दस्त फुकट ठेवलेत, राज्य आणि काउंटी टाकली की सरकारनं पहिल्यांदा जमीन कुणाच्या नावे केली तो कागद दिसतो, त्या कागदाला पेटंट म्हणतात. जुने टोपो नकाशे, म्हणजे जमिनीचा चढ-उतार दाखवणारे नकाशे, तिथल्या भूगर्भ खात्याच्या टोपोव्ह्यू या साइटवर मिळतात, तेही फुकट. आपल्या मोबाईलवर ते जड जातात, रात्री उशिरा उघडा किंवा नेट कॅफेत बसून एकदाच उतरवून घ्या.

पण इतिहास त्या पहिल्या पेटंटपासून सुरू करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. काउंटी १८८७ ची, म्हणून बरेच जण १८८७ पासून लिहायला लागतात. त्याच्या आधी हा कायोवा, कोमांची, शायान, अरापाहो लोकांचा मुलूख होता, गव्यासारख्या बायसनच्या प्रचंड कळपांचा होता. १८२१ पासून मिसूरीहून सांता फेला जाणारी व्यापारी वाट या टापूतून जायला लागली, आरकॅन्सस नदी ते सिमॅरॉन नदी यामधला टप्पा बिनपाण्याचा, माणसं आणि जनावरं तहानेनं हैराण व्हायची. (कॅन्ससचे लोक त्या नदीला आर-कॅन्झस म्हणतात, राज्याचं नाव मात्र आर्कन्सॉ, फोनवर बोलायची वेळ आली तर लक्षात असू द्या.) १८६७ च्या ऑक्टोबरात कॅन्ससमध्येच मेडिसिन लॉज इथं तह झाला आणि या लोकांना दक्षिणेला, आताच्या ओक्लाहोमात, राखीव जमिनीवर जायला लावलं. त्या तहाच्या वेळी कायोवांच्या बाजूनं बोलणाऱ्यांत सटांटा हा सरदार होता, तो पुढं १८७८ मध्ये टेक्ससच्या तुरुंगात मेला. आणि आज हास्केल काउंटीतल्या दोन गावांपैकी एकाचं नाव सटांटा आहे. नकाशावरचं गावाचं नाव ही कधीकधी तिथून घालवलेल्या माणसाची उरलेली खूण असते, म्हणून नावांचा एक वेगळा कागद करा आणि प्रत्येक नावापुढं ते कुठून आलं ते लिहा. हास्केल हे नाव कॅन्ससच्या एका खासदाराचं, डडली हास्केलचं.

आता पाणी, आणि इथं आपण सोलापूरकर जगातल्या भल्याभल्या अभ्यासकांपेक्षा पुढं असतो, कारण आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. सह्याद्रीला ढग अडतात आणि आपण पर्जन्यछायेत, तसं पश्चिमेला रॉकी पर्वत आहे आणि त्याच्या पूर्वेला हा सगळा मैदानी पट्टा छायेत पडतो. नकाशावर १०० रेखांशाची रेषा शोधा, डॉज सिटी गावाजवळून जाते. १८७८ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल यांनी सरकारला अहवाल दिला की साधारण या रेषेच्या पश्चिमेला वर्षाला २० इंचांपेक्षा कमी पाऊस पडतो, इथं पाण्याची सोय केल्याशिवाय शेती भरवशाची नाही आणि १६० एकरांचा हिशेब इथं चालणार नाही. हास्केल त्या रेषेच्या पश्चिमेलाच आहे. पाऊस १८ ते २० इंच, उंची समुद्रसपाटीपासून २९०० फुटांच्या आसपास, सिमॅरॉन नदी नुसती नैऋत्य कोपऱ्याला शिवून जाते, बाकी अख्ख्या काउंटीत धड ओढा नाही. पावसाचं पाणी उथळ खळग्यांत साचतं, त्यांना प्लाया म्हणतात. माती आपल्यासारखी भेगाळणारी काळी नाही, वाऱ्यानं हजारो वर्षं आणून टाकलेली बारीक माती आहे. वाऱ्यानं आणलेली माती वारा परत नेऊ शकतो हे वाक्य वहीत लिहून ठेवा, थोड्या वेळानं लागेल.

पुढची पायरी लोकसंख्येची, आणि मला सगळ्यात जास्त यातून मिळालं. दर दहा वर्षांचा आकडा एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक चढ-उताराला "का?" असं विचारा. हास्केलचे आकडे असे: १८९० ला १,०७७, १९०० ला ४५७, १९१० ला ९९३, १९२० ला १,४५५, १९३० ला २,८०५, १९४० ला २,०८८, १९५० ला २,६०६, मग वाढत वाढत २००० ला ४,३०७ आणि २०२० ला ३,७८०. आकडे रुक्ष वाटतात पण जरा थांबा.

पहिल्या दहा वर्षांत निम्म्याहून जास्त माणसं गेली. १८८० च्या दशकात काही वर्षं पाऊस बरा झाला, नांगर लागला की पाऊस मागोमाग येतो असा समज तेव्हा खरोखर पसरवला गेला होता, लोक क्वार्टर घ्यायला धावले, आणि ९० च्या दशकात दुष्काळ पडल्यावर गाडी जुंपून निघून गेले. ४५७ माणसं उरली, बार्शी तालुक्याएवढ्या जागेत. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्याची काय दशा झाली होती ते १८८४ च्या सोलापूर गॅझेटिअरमध्ये वाचायला मिळतं, ते शेजारी उघडून ठेवा, दोन्ही मिळून वाचताना अंगावर येतं.

१९१० ते १९३० चढ का? १९१२ ला रेल्वे आली. पण ती काउंटीच्या तेव्हाच्या मुख्य गावाला आली नाही. मुख्य गाव होतं सांता फे, न्यू मेक्सिकोतलं नाही, त्याच नावाचं हास्केलमधलं छोटं गाव. रूळ दुसरीकडून गेले, रुळावर सब्लेट आणि सटांटा वसली, आणि १९२० मध्ये काउंटीचं ठाणं सब्लेटला गेलं. सांता फे गाव संपलंच. बार्शीकरांना हे लगेच कळेल, मोठी लाईन कुर्डुवाडीवरून गेली आणि बार्शीची पेठ बाजूला राहिली म्हणून तर १८९७ ला बार्शी लाईट ही छोटी रेल्वे सुरू झाली ना. बार्शी टिकली कारण पेठ जुनी होती, सांता फे गाव तर पस्तीस वर्षांचंही नव्हतं. त्या भागात मुख्य ठिकाण कुठलं यावरून अक्षरशः गोळ्या चालल्यात, १८८८ मध्ये जवळच्या स्टीव्हन्स काउंटीच्या भांडणात चार माणसं मारली गेली. आणि शेजारच्या ग्रँट काउंटीतल्या युलिसिस गावानं १९०९ मध्ये कर्जापायी गावच उचललं, इमारती ओढत नेऊन दुसऱ्या जागी मांडल्या. कचेरी कुठं आहे, कधीपासून, आधी कुठं होती, हा प्रश्न कुठल्याही काउंटीत विचाराच.

१९३० ते ४० ची घसरण म्हणजे डस्ट बाउल. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, ट्रॅक्टर आले, गवताळ रान उलथून गहू पेरला, १९३१ नंतर पाऊस गेला आणि ती वाऱ्यानं आणलेली माती वारा न्यायला लागला. १४ एप्रिल १९३५, रविवार, त्या दिवशीचं वादळ असं की भरदुपारी काळोख, त्याला ब्लॅक संडे म्हणतात. ७०० पेक्षा जास्त माणसं दहा वर्षांत कमी झाली. त्यानंतर १९४० च्या सुमारास अमेरिकेच्या कृषी खात्यानं देशभरातल्या सहा वस्त्या निवडून खेडं कसं जगतं याचा अभ्यास करवला, त्यात सब्लेट होतं. १९४१ मध्ये अर्व्हिंग रुसिनॉव्ह यांनी हास्केलमध्ये काढलेले फोटो अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ते बघता येतात. माझं ऐका, हे फोटो नुसते चाळू नका, एक फोटो घ्या आणि त्यात काय आहे ते सगळं लिहून काढा, दारापुढं झाड आहे का, पाण्याची टाकी कुठं, पवनचक्की आहे का, बाईच्या हातात काय आहे.

माणसांची नावं शोधायची असतील तर एक अडचण आधीच सांगतो. १८९० च्या जनगणनेचे आकडे छापलेले आहेत, पण घरोघरचे मूळ कागद १९२१ च्या वॉशिंग्टनच्या आगीत आणि त्यानंतर बहुतेक सगळे गेले. नेमकी हास्केलची पहिली पिढी त्यात होती. त्याला वाट अशी की कॅन्सस राज्य स्वतःची जनगणना करायचं, १८९५, १९०५, १९१५, १९२५, ती बघायची. देशाच्या जनगणनेचे घरोघरचे कागद ७२ वर्षांनी खुले होतात, १९५० चे २०२२ मध्ये झाले, त्याच्या पुढचे अजून बंद आहेत.

जुनी वर्तमानपत्रं हा तर खजिना आहे. कॅन्सस हिस्टॉरिकल सोसायटीनं राज्यभरातली पत्रं जपलीत. मोठ्या बातम्या सोडा, गावच्या चार ओळींच्या बातम्या वाचा, कोण आजारी, कुणाकडं पाहुणे, कुणाची गाय हरवली. हास्केलच्या बाबतीत याच चार ओळी जगाच्या इतिहासात गेल्यात. १९१८ च्या सुरुवातीला इथले डॉक्टर लोरिंग मायनर यांना साध्या फ्लूपेक्षा फार वाईट असा फ्लू दिसला, तरणीताठी माणसं दगावायला लागली, त्यांनी सरकारला कळवलं आणि त्या एप्रिलमध्ये सरकारी आरोग्य पत्रकात हास्केलचं नाव छापून आलं, १८ रुग्ण आणि ३ मृत्यू. तेवढ्यात कॅन्ससमधल्याच फन्स्टन लष्करी छावणीत मार्चमध्ये साथ उसळली. यावरून काही अभ्यासक म्हणतात की १९१८ ची महासाथ हास्केलमधून निघाली असावी, तर काही फ्रान्सकडं आणि काही चीनकडं बोट दाखवतात, वाद मिटलेला नाही. तुमच्या वहीत हे लिहिताना "असावी" हा शब्द गाळू नका, पुरावा जिथपर्यंत नेतो तिथंच थांबायचं. तीच साथ जूनमध्ये मुंबई बंदरात उतरली आणि आपल्या खेड्यापाड्यांत तिला मानमोडी म्हणायला लागले. आजीच्या आईनं तिला मानमोडीच्या गोष्टी सांगितल्या होत्या, एका घरातून एका दिवशी दोन तिरड्या. ज्या गावाचं नाव त्या माणसांना कधी कळणं शक्य नव्हतं, तिथल्या डॉक्टरचा कागद मी सोलापुरात बसून वाचला.

यानंतर गोलांकडं या. चौकटीतला प्रत्येक हिरवा गोल म्हणजे सेंटर पिव्हट, मधे बोअर आणि त्याभोवती चाकांवर फिरणारा पाव मैल लांबीचा पाईप. १६० एकरांच्या चौकोनात तो साधारण १२५-१३० एकर भिजवतो, चारी कोपरे कोरडे राहतात. याचं पेटंट १९५२ चं, फ्रँक झायबॅक नावाच्या शेतकऱ्याचं. पाणी येतं ओगालाला नावाच्या जमिनीखालच्या साठ्यातून, रॉकी पर्वतातून वाहून आलेल्या वाळू-गोट्यांच्या थरात ते भरलेलं आहे, आठ राज्यांखाली पसरलंय. आपल्या बेसाल्टच्या भेगांत पाणी सापडलं तर सापडलं, शेजाऱ्याला लागतं आणि आपल्याला नाही, तिथं वाळूच्या थरात भरपूर मिळायचं. उपसायला इंधन म्हणून ह्युगोटनचा नैसर्गिक वायू पायाखालीच होता. म्हणून १९५० नंतर आकडे चढले, मका आला, मका आला म्हणून गुरांचे मोठमोठे फीडलॉट, म्हणजे मांसासाठी गुरं खाऊ घालून पोसायचे वाडे, आले, त्यामागं मांसाचे कारखाने, आणि तिथं काम करायला मेक्सिको, व्हिएतनाम, सोमालिया अशा कुठून कुठून आलेली माणसं. दाजींची नोकरीसुद्धा त्या पाण्यावरच आहे. गुगल अर्थवर १९८४ पासूनचे फोटो एकामागून एक चालवून बघता येतात, ते जरूर बघा.

पाण्याचा कायदाही बघून घ्या. कॅन्ससमध्ये १९४५ पासून ज्यानं आधी हक्क घेतला त्याला आधी पाणी. जमीन माझी म्हणून खालचं पाणी माझं, असं तिथं नाही. उजनीच्या पाण्यावरून टेल आणि हेडचं भांडण ज्यांनी बघितलंय त्यांना हे वाचताना खूप प्रश्न पडतील, ते सगळे लिहून ठेवा.

एवढं झाल्यावर मग तिथल्या माणसांशी बोला, आधी नको. सब्लेटला काउंटीचं छोटं म्युझियम आहे, अशा ठिकाणी साधा नम्र मेल टाकला की लोक उत्तर देतात, फक्त प्रश्न नेमका हवा. तुमच्या काउंटीची माहिती पाठवा असं लिहू नका, अमुक टाउनशिपमधली शाळा कधी बंद झाली असं विचारा. फोन करायचा तर उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे त्यांचे सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. आणि शेतकऱ्याला तुमची किती एकर आणि गुरं किती असं चुकूनही विचारू नका. आपल्याकडं तो ओळखीचा पहिला प्रश्न असतो, तिकडं ते बँकेत किती पैसे आहेत असं विचारल्यासारखं आहे, ताईनं मला दोनदा बजावलंय. पाऊस कसा झाला हे विचारा, मग ते तासभर बोलतात.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या अभ्यासात घ्या. मी दर रविवारी आजीला वही वाचून दाखवायचो. इकडं ऑक्टोबरात मालदांडीची पेरणी आणि तिकडं तेव्हाच मिलोची काढणी, आपली ज्वारी डोक्याच्या वर जाणारी, मुळासकट उपटायची, कडबा बांधायचा, आणि त्यांची कंबरेएवढी बुटकी, मशीननं कणसं कापून न्यायची, दाणे गुरांना, हे ऐकून ती म्हणाली, मग आम्हाला त्यांनी गुरांचंच दिलं होतं की. थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं विचारलं, "तितं हिरीला पाणी किती परसावर लागतंय?"

याचं उत्तर मिळतं. कॅन्सस भूगर्भ सर्वेक्षण दर जानेवारीत साधारण १,४०० विहिरींची पातळी मोजतं आणि प्रत्येक विहिरीची नोंद टाउनशिप, रेंज, सेक्शन टाकून उघडता येते, आपण मघाशी वहीत जी चौकट काढली तीच इथं चावी होते. एक विहीर निवडा, जुनी मोजणी आणि नवी मोजणी शेजारी लिहा, वजाबाकी करा. हास्केलमधल्या कित्येक बोअरमध्ये पाणी आता दोनशे-तीनशे फुटांच्याही खाली आहे आणि पाऊस-पाण्यानं भरून येतं ते उपशाच्या मानानं अगदी थोडं. आजीला फूट समजत नाहीत म्हणून मी सहा फुटांचा परूस धरून सांगितलं, तीनशे फूट म्हणजे पन्नास परूस. ती बोटांवर मोजत राहिली, आमच्या वाडीची जुनी विहीर सात परसाची होती.

"मग आता त्येंनी काय पेरायचं?"

ताईला विचारून सांगितलं, मक्याला पाणी पुरत नाही म्हणून काही जण बोअर बंद झालेल्या रानात परत मिलो करायलेत.